दुपारी ढेपाळणारा कॅरॅव्हानचा फ्रिज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅरॅव्हानमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात, गॅस, २३० व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा नऊ वर्षांचा फ्रिज आहे. सकाळी बघावं तर आत ४-५ अंश, आणि दुपारी तीनला तोच फ्रिज १३-१४ वर. बटण शेवटपर्यंत फिरवूनही फरक पडत नाही, दूध नासतं. एका मेकॅनिकने मागची जाळीसुद्धा न उघडता सांगितलं की यातला गॅस संपलाय, भरून घ्या नाहीतर युनिट, म्हणजे मागची थंडावा करणारी नळ्यांची जोडणी, बदला. आता युनिट बदलावं की अख्खा फ्रिज, असं तुम्ही विचारताय.

दोन्ही नको, निदान इतक्यात तरी नको. जो फ्रिज रात्री ४ अंशांपर्यंत उतरतो त्याचं युनिट मेलेलं नाही. मेलेलं युनिट सूर्य मावळल्यावर उठून बसत नाही. आणि गॅस भरायचा सल्ला आहे तो कॉम्प्रेसरवाल्या घरगुती फ्रिजचा. तुमच्या फ्रिजमागची नळ्यांची जोडणी कारखान्यात वेल्डिंग करून कायमची बंद केलेली असते. त्यातला माल थोडाथोडा कमी होत नाही. एक तर तो पूर्ण आत असतो, नाहीतर गळून गेलेला असतो, आणि गळून गेला असता तर तुम्हाला सकाळचे ४ अंशही दिसले नसते.

तेव्हा प्रश्न फ्रिज थंड का करत नाही हा नाहीच. फ्रिज आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढंच त्याचं काम. तुमचा फ्रिज उचलतोय बरोबर, पण दुपारी त्याला टाकायला जागा मिळत नाही. माझ्याकडे 'थंड होत नाही' म्हणून येणाऱ्या अशा फ्रिजपैकी बहुतेकांचं दुखणं दाराच्या बाजूला नसतं, पाठीमागे असतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी मान्य करतो. मी तुमचा फ्रिज पाहिलेला नाही. बाहेर ३० अंश असताना हे होतंय की ४२ असताना, यावर बरंच ठरतं. फ्रिजच्या आत बाजूला एक माहितीची पट्टी चिकटवलेली असते, तीवर एसएन, एन, एसटी किंवा टी अशी अक्षरं बघा. एसएन आणि एन म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८, टी म्हणजे ४३. एन वर्गाच्या फ्रिजकडून ४० अंशांच्या उन्हात ४ अंशांची अपेक्षा ठेवली तर दोष फ्रिजचा नाही. आणि तुमचा फ्रिज चालू असताना मोटरसारखा घुमतो का, हेही ऐका. घुमत असेल तर तो कॉम्प्रेसरचा आहे आणि त्याची गोष्ट वेगळी, तिच्याबद्दल शेवटाकडे लिहितो. तिन्हींवर चालतो म्हणता त्याअर्थी तो अ‍ॅब्झॉर्प्शनचा, म्हणजे कॉम्प्रेसरऐवजी आचेवर चालणारा आहे, असं धरून पुढे जातो.

हे यंत्र कसं चालतं ते जरा समजून घ्या, म्हणजे पुढचे उपाय पाठ करावे लागणार नाहीत. बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ही रचना शोधली, आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. नळ्यांमध्ये अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतात. खाली बॉयलर. त्याला गॅसच्या ज्योतीची किंवा विजेच्या हीटरची आच लागली की पाण्यात विरघळलेला अमोनिया वाफ होऊन वर जातो. वरच्या पत्र्याच्या पातींच्या नळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो निवून द्रव होतो. मग तो फ्रिजच्या आतल्या भागात उतरतो, तिथे हायड्रोजनच्या सोबतीत त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना तो आतली उष्णता ओढून घेतो. शेवटी खालच्या वळ्यावळ्याच्या नळीत पाणी त्याला परत शोषून घेतं आणि चक्र पुन्हा सुरू. कॉम्प्रेसर नाही, पंप नाही, हलणारा एकही भाग नाही. म्हणून आवाज नाही, आणि म्हणूनच ताकदही बेताचीच.

यातल्या दोन जागा लक्षात ठेवा: वरचा कंडेन्सर आणि खालची शोषणाची वेटोळी. दोन्हींना निवायला हवा लागते. वरचा निवला नाही तर अमोनियाचा द्रव होत नाही, खालची वेटोळी तापली तर पाणी अमोनियाला नीट शोषत नाही. म्हणजे मागची हवा कोंडली की एकाच वेळी दोन्हीकडून मार बसतो. बटण शेवटपर्यंत फिरवून फरक का पडला नाही, तेही यात आलं. बटण फार तर आच जास्त वेळ चालू ठेवील, मागची हवा काही हलवणार नाही.

आकड्यांत सांगतो. अशा मध्यम फ्रिजचा हीटर साधारण १२५ वॅटचा असतो आणि त्या बदल्यात आतून जेमतेम २५ वॅट उष्णता उचलली जाते. बाहेर टाकायची उष्णता मात्र दोन्ही मिळून, म्हणजे १५० वॅट. बंद कपाटात १५० वॅटचा जुना पिवळा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवल्यासारखं आहे हे. त्या कपाटाला खाली एक जाळी, वर एक जाळी. खालून गार हवा आत यावी, पाती चाटत वर जावी आणि वरच्या जाळीतून बाहेर पडावी, एवढाच त्याचा जीव.

असा फ्रिज भोवतालच्या हवेपेक्षा काही ठरावीक अंशच खाली जाऊ शकतो. पण 'भोवतालची हवा' म्हणजे तुम्ही खुर्ची टाकून बसलाय तिथली नव्हे, फ्रिजच्या पाठीला लागणारी. बाहेर ३४ असेल आणि भिंतीवर ऊन असेल तर त्या फटीत ४५-५० सहज होतात. पाठ जितकी तापेल तितका आतला आकडाही वर सरकतो, तेव्हा तुमचे १३-१४ कुठून आले हे मोठं कोडं राहत नाही.

काही करण्याआधी मोजा. दोन साधे थर्मामीटर लागतील. एक पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात ठेवा. हवेतला थर्मामीटर दार उघडलं की लगेच चढतो आणि तुम्ही उगाच घाबरता. पेल्यातलं पाणी दुधासारखंच हळू तापतं, म्हणून तोच आकडा खरा. दुसरा थर्मामीटर, लांब तारेच्या टोकाला सेन्सर असलेला, वरची जाळी काढून कंडेन्सरच्या शेजारी लोंबकळत ठेवा, पण पत्र्याला टेकवू नका. फ्रिज २३० व्होल्टवर, जवळजवळ रिकामा, २४ तास चालवा आणि तीन-तीन तासांनी दोन्ही आकडे व बाहेरचं तापमान लिहून ठेवा. हा कागद नसेल तर पुढचा प्रत्येक उपाय 'वाटतंय जरा बरं' इतपतच कळेल.

आता मागच्या बाजूला या. फ्रिज बंद करा, गॅस सिलिंडरवरच बंद करा, मागचं सगळं निवू द्या आणि दोन्ही जाळ्या काढून टॉर्च मारा. मला तिथे काय काय सापडलंय ते सांगितलं तर हसाल: वाळकी पानं, गांधीलमाशीचं मातीचं घर, एकदा तर कुणीतरी जागा रिकामी दिसली म्हणून घडी करून खोचलेली ताडपत्री. थंडीत लावायची प्लॅस्टिकची झाकणं उन्हाळ्यात तशीच राहिलेली तर दर हंगामात एक-दोन दिसतातच. हा कचरा काढल्यावर काम झालं तर उत्तमच, पण बऱ्याचदा खरी गोम बसवण्यात असते.

एक उदाहरण अजून डोळ्यांसमोर आहे, कारण तक्रार शब्दशः तुमचीच होती. जाळ्या स्वच्छ, बर्नर स्वच्छ, फ्रिज पाच वर्षांचा. आत हात घातला तर पातींच्या मागच्या टोकापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत माझी चार बोटं आडवी मावत होती, वर आणखी जागा. टिश्यू पेपरची पट्टी वरच्या जाळीशी धरली तर ती जेमतेम थरथरली. खालून आलेली हवा त्या रुंद फटीतून सरळ वर जात होती, पातींना शिवतही नव्हती. शिवाय फ्रिजचा माथा वरच्या जाळीपेक्षा वर होता, त्यामुळे कंडेन्सर तापलेल्या हवेच्या साचलेल्या डबक्यात बसला होता. सेन्सर तिथे सरकवला तर ५८ अंश. बाहेर ३४. फ्रिज बिचारा मुकाट्याने आपलं काम करत होता.

तिथे नवीन काही बसवलं नाही, फक्त हवेला वाट दाखवली. बाहेरच्या भिंतीच्या आतल्या बाजूला कंडेन्सरच्या थोडं खाली अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असा तिरका लावला की वर येणारी हवा फ्रिजकडे ढकलली जाईल आणि पातींमधूनच जाईल. पातींचं टोक आणि पत्रा यांत बोटभर, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर अंतर ठेवलं. दुसरा वाकवलेला पत्रा फ्रिजच्या माथ्यापासून वरच्या जाळीच्या वरच्या कडेपर्यंत नेला, छपरासारखा, म्हणजे हवा माथ्यावर साचण्याऐवजी घसरत बाहेर पडेल. दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागा, फ्रिजची पेटी आणि कपाट यांच्यामधल्या, न पेटणाऱ्या इन्सुलेशनने भरल्या. तशाच उन्हात पुन्हा मोजलं तेव्हा माथ्यावर ४५ आणि आतल्या पेल्यात १२ च्या जागी ७ अंश होते. तेव्हा एकही पंखा लावलेला नव्हता.

एक इशारा इथेच देतो, कारण लोक उत्साहात इथेच चुकतात. फ्रिजची मागची जागा राहत्या खोलीपासून पूर्ण बंद असली पाहिजे. गॅसवर चालताना तिथे ज्योत असते आणि जळलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, त्याला वासही नसतो. पत्रे लावताना ही बंदिस्ती उघडली असेल तर ती परत नीट भरून घ्या, आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर फ्रिजच्या आधी तो बसवा. खालची जाळी कधीही झाकू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळलाच तर त्याच वाटेने बाहेर जायला हवा. थंड हवा खोलीतून मिळावी म्हणून आतल्या बाजूने भोक पाडलेलं मी पाहिलंय. असलं काही करू नका.

पंख्यांबद्दल सगळेच विचारतात. पंख्याने फायदा होतो, चांगला होतो, पण आधी वर सांगितलेली हवेची वाट दुरुस्त केलेली असली तर. नाहीतर पंखा तीच कोंडलेली हवा घुसळत बसतो. संगणकात असतात तसले १२ सेंटिमीटरचे, १२ व्होल्टचे दोन पंखे पुरतात, प्रत्येकी साधारण ०.२ अँपिअर खातात. जागेवरून आमच्यात वाद आहेत. बरेचजण वरच्या जाळीच्या आत लावून हवा बाहेर फेकतात, बसवायला ते सोपं आहे. मी कंडेन्सरच्या लगेच खाली, वर तोंड करून लावतो, कारण पंखा तिथे गारवट हवेत राहतो, जास्त टिकतो आणि झोत सरळ पातींवर जातो. बर्नरजवळ मात्र पंखा नको. ज्योत हलली की आच कमी, काजळी जास्त, कधी विझतेही. कंडेन्सरच्या नळीला ४०-४५ अंशांवर चालू होणारा छोटा थर्मोस्टॅट स्विच बांधला की पंखे हवे तेव्हाच फिरतात आणि रात्री झोप मोडत नाही. पंखे लावल्यावर टिश्यू पेपरची पट्टी पुन्हा धरून बघा. हवा बाहेर पडायला हवी. उलटे लावलेले पंखे मी स्वतःही एकदा लावलेत.

ऊन हा मुद्दा लोकांना फार साधा वाटतो. कॅरॅव्हान उभी करताना फ्रिजच्या जाळ्यांची बाजू दुपारच्या उन्हाला पाठ करून ठेवली तर बाकी काही न करता तीन-चार अंश सुटतात. ते जमत नसेल तर त्या बाजूला छताच्या कडेवरून कापड ताणा, पण भिंतीपासून निदान हातभर लांब. जाळीवरच कापड पडलं तर सावली मिळेल आणि श्वास जाईल.

आता पातळी. या फ्रिजमध्ये द्रव केवळ उतारावरून वाहतो. कॅरॅव्हान कलंडून उभी असेल तर तो कुठेतरी अडतो, बॉयलर कोरडा तापतो, आणि असं बराच वेळ चाललं तर आतल्या क्षारांचे थर बसून युनिट कायमचं जाऊ शकतं. जुन्या फ्रिजना बाजूच्या दिशेने तीनेक अंशांच्या वर कल चालत नाही, नवे थोडं अधिक सोसतात, पुस्तिकेत आकडा असतो. स्पिरिट लेव्हल फ्रिजच्या आत, फ्रीझरच्या तळावर ठेवा. कॅरॅव्हानची जमीन सपाट म्हणून फ्रिज सपाट, असं नसतं. रस्त्यावर धावताना चढउतार असले तरी फारसं बिघडत नाही, हिंदकळल्यामुळे द्रव परत जागेवर येत राहतो. घात होतो तो तिरकं उभं करून रात्रभर चालू ठेवल्याने. तुमचा फ्रिज रात्री बरा चालतो म्हणजे पातळी ठीक असावी, तरी एकदा बघून घ्या.

उष्णता कुठून देताय, तेही तपासायला हवं. २३० व्होल्ट आणि गॅस, दोन्हींवर प्रत्येकी २४ तास चालवून तुलना करा, निदान आपोआप होतं. २३० वर बरा आणि गॅसवर कमी, तर दोष बर्नरकडे. गॅसवर बरा आणि २३० वर कमी, तर हीटर किंवा वीज. दोन्हीकडे सारखाच ढेपाळला तर पुन्हा मागची हवा.

विजेत एक गोष्ट लोक विसरतात. हीटरची आच व्होल्टच्या वर्गाने बदलते. २३० च्या जागी २०० व्होल्ट मिळाले तर वाटतं थोडंच कमी आहे, पण आच उरते पाऊणच. दुपारी सगळ्यांचे एसी चालू झाले की मुक्कामाच्या तळावरची वीज अशी पडते, आणि तुमचं दुपारचं दुखणं काही अंशी तिथलंही असू शकतं. प्लगमध्ये मीटर लावून दुपारी तीनला बघा. हीटरची परीक्षा सोपी आहे: वायर सोडवून ओहम मोजा. १२५ वॅटच्या २३० व्होल्टी हीटरला साधारण ४२० ओहम यायला हवेत. खूपच जास्त आले तर तो दुबळा झालाय, अनंत आले तर तुटलाय. वीज काढल्याशिवाय हात लावू नका, हे सांगायला नकोच.

१२ व्होल्टकडून मात्र फार आशा ठेवू नका. तो गाडी चालवताना आधीच थंड झालेला फ्रिज थंड राखण्यापुरता आहे. १२० वॅटचा हीटर १० अँपिअर ओढतो. ओढणाऱ्या गाडीच्या बॅटरीपासून फ्रिजपर्यंत १० मीटर अंतर धरा, जाऊन-येऊन २० मीटर वायर. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर असेल तर तिचा रोध ०.१४ ओहम, म्हणजे वायरमध्येच १.४ व्होल्ट गेले. त्यात प्लगच्या पिना हिरव्या पडलेल्या असल्या तर आणखी एखादा. फ्रिजच्या टोकाशी १०.५ व्होल्ट उरले तर १२ च्या मानाने आच पाऊणच राहते. हे मोजताना फ्रिज चालू हवा. लोड नसताना वायर नेहमीच छान १३ व्होल्ट दाखवते आणि माणूस फसतो. पिना साफ करा, अर्थिंगची टोकं घासून घट्ट करा, कॅरॅव्हानमधली वायर शक्य तिथे सहा चौरस मिलिमीटरची घ्या. बऱ्याच जुन्या मॉडेलांत १२ व्होल्टला थर्मोस्टॅट नसतोच. गाडी थांबल्यावर फ्रिज तसाच राहिला तर काही तासांत बॅटरी रिकामी.

गॅसबद्दल थोडक्यात. ज्योत निळी, स्थिर, बेताच्या आवाजाची हवी. पिवळी, लांबट, लपलपणारी असेल तर बर्नरवर चिमणीतला गंज आणि काजळी पडलेली असते, किंवा नळीत कोळ्याने जाळं केलेलं असतं. कोळ्यांना ती नळी का आवडते कोण जाणे, पण आवडते. चिमणी ब्रशने साफ होते. आत लोंबणारी पिळाची पट्टी त्याच उंचीवर परत टांगायची, ती आच बॉयलरपाशी थोपवून धरते. जेटच्या, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीच्या, भोकात सुई घालू नका. ते भोक केसाएवढं असतं, जरा मोठं झालं की ज्योतीचं गणित कायमचं बिघडतं. जेट स्पिरिटमध्ये भिजवून फुंकरीने वाळवतात, नाहीतर सरळ नवा घालतात. हे काम परवानाधारक गॅस तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. थंड प्रदेशात फक्त सकाळी त्रास होत असेल तर सिलिंडर ब्यूटेनचा आहे का बघा. ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचं सोडतो, प्रोपेन उणे ४० पर्यंत होत राहतो.

आता दाराच्या आतल्या सवयी. १ लिटर पाणी ३० अंशांवरून ५ वर आणायला साधारण २९ वॅट-तास उष्णता काढावी लागते. तुमचा फ्रिज तासाला २५ वॅट-तास उचलतो, तेही सगळं त्याच पाण्यासाठी वापरलं तर. म्हणजे दुपारी लिटरच्या सहा बाटल्या कोमट पाणी आत सरकवलं की सात तास फ्रिज त्या बाटल्यांच्याच सेवेत, दूध गेलं वाऱ्यावर. हा हिशेब लोकांना दाखवला की त्यांचा चेहरा पडतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी २३० वर फ्रिज लावून ठेवा, १२ ते २४ तास, आणि आत जे ठेवाल ते घरच्या फ्रिजमधून गार करूनच. नवीन बाटल्या संध्याकाळी उशिरा भरा, रात्रभरात त्या निवतील.

फ्रिज ठासून भरू नका. मागच्या वरच्या बाजूला पाती असतात, तिथून गार हवा खाली उतरते. जाळ्यांवर ताट किंवा कागद पसरला की वर गोठतं आणि खाली कोमट. पातींवर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त बर्फ साचला तर तो घोंगडीसारखं काम करतो, काढून टाका, पण सुरीने नाही. बॅटरीवरचा छोटा पंखा आत ठेवला तर वरखालचा फरक निम्म्यावर येतो. ज्या फ्रिजमध्ये पातीवर चिमटीने लावलेला सेन्सर असतो त्यात तो चिमटा थोडा वर सरकवला तर फ्रिज जास्त वेळ चालतो. कारण पाती वर थोड्या कमी गार असतात. हा अर्ध्या मिनिटाचा उपाय आहे, पण मागची हवा सुधारल्यावरच. दाराचं रबर तपासायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडकायला हवी. जिथून सहज निसटते तिथे रबर कोमट पाण्याने धुऊन, गरम हवेने नरम करून बसवून बघा, नाही बसलं तर बदला.

युनिट खरोखर गेल्याची लक्षणं काय, तर मागे पिवळसर पूड किंवा डाग आणि नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास. आतल्या द्रवात नळ्या गंजू नयेत म्हणून सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, तो पिवळा रंग त्याचा. तो विषारी आहे, हाताने पुसायला जाऊ नका. वास आला तर फ्रिज सगळीकडून बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या. आत हायड्रोजनही आहे आणि दाब २० बारच्या वर असतो, तेव्हा तिथे सोल्डरिंग, एम-सील वगैरे प्रयोग नकोत. दुसरं लक्षण असं: बॉयलर कढत, पातळी बरोबर, मागे हवा खेळती, तरी २४ तासांनी आतल्या पाती सामान्य तापमानाच्याच. तेव्हा आतलं अभिसरण अडलंय. फ्रिज काढून उलटा करून ठेवायचा जुना उपाय अशा वेळी कधीकधी लागू पडतो, पण तो मरणाऱ्याला पाजलेलं शेवटचं पाणी. तुमच्यावर ती वेळ नाही.

कॉम्प्रेसरवाला असेल तर: पातळीची चिंता नाही, गरमीत तो कितीतरी सरस, पण मागे हवा त्यालाही तितकीच लागते. त्याचं बहुतेक दुखणं बारीक वायरमुळे कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्ट पडून तो पुन्हा पुन्हा बंद होण्याचं असतं. सतत विजेशिवाय डोंगरात राहायचं नसेल आणि पुढेमागे बदलायचाच झाला, तर मी हाच घ्यायला सांगेन. पण तो निर्णय मागच्या जाळ्या उघडून बघितल्यानंतरचा.

माझा क्रम असा राहील. आज संध्याकाळी झाकणं आणि कचरा काढा, पातळी बघा, दाराला कागदाची पट्टी लावा. उद्या रिकामा फ्रिज २३० वर, पेल्यातला आणि मागचा थर्मामीटर लावून २४ तास, दुपारी प्लगचे व्होल्टही. मग पत्रे, आणि पत्र्यांनंतरही मागचा आकडा बाहेरच्यापेक्षा १२-१५ अंशांनी वर राहत असेल तरच पंखे. पत्र्यांच्या आधीचे आणि नंतरचे दुपारी तीनचे आकडे, फ्रिजमागच्या फटीची रुंदी आणि पट्टीवरचं अक्षर एवढं कळवलंत तर पंखे कुठे आणि किती ते मी नक्की सांगू शकेन.